दावणीला समुद्र

मागच्या वर्षी मे महिन्यात आई पहिल्यांदा माझ्या नांदेडच्या खोलीवर राहायला आली. पिशवीतून शेंगदाण्याची चटणी, धपाटे, कैऱ्या असं एकेक काढून झाल्यावर ती कोपऱ्यातल्या टाकीसमोर उभी राहिली. दीडशे लिटरची काचेची टाकी, वर निळसर दिवा, आत चार-पाच दगड आणि एका दगडावर बसलेलं तळहाताएवढं समुद्रफूल. शेंड्याला फुगे आलेल्या तपकिरी बोटांचा झुबका हलत होता. आईने बराच वेळ बघितलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

"मिठाचं पाणी?"

"हो. समुद्राचं असतं तसं."

"मीठ इकत आणून घातलास?"

"हो."

"चांगल्या पाण्यात?"

मी गप्प बसलो. लातूरच्या बाईने विचारलेला "चांगल्या पाण्यात?" हा प्रश्न नुसता प्रश्न नसतो. या लेखात मी त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतोय. वर्षभर विचार केला तरी पूर्ण जमलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

*

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणी आहे, प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या भावकीतला. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, डोळे नाहीत. तोंड एकच, खाणं त्यातूनच आत आणि घाण त्यातूनच बाहेर. बोटांसारख्या शुंडकांवर सूक्ष्म डंख असतात, त्यांनी ते भक्ष्य पकडतं. खालच्या तळव्याने दगडाला चिकटून राहतं. जागा आवडली नाही तर हळूहळू सरकत दुसरीकडे जातं. 'फाइंडिंग निमो' पाहिला असेल तर त्यातल्या नारिंगी-पांढऱ्या माशाचं घर आठवा. ते हेच.

माझ्याकडे आहे त्या जातीला छंदातले लोक 'बबल टिप' म्हणतात. तिच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवालाला उजेड मिळाला की ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा समुद्रफुलाला देतं. म्हणून वर तो दिवा. दुकानात कधी कधी पांढरंशुभ्र समुद्रफूल 'स्पेशल' म्हणून जास्त भावात विकायला ठेवलेलं दिसतं. ते बहुतेकदा स्पेशल नसतं, उपाशी असतं. अंगातलं शैवाल निघून गेल्यामुळे ते पांढरं पडलेलं असतं.

आता टाकी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दीडशे लिटरला सव्वापाच-साडेपाच किलो मीठ लागतं. घरातलं नाही, त्यासाठी तयार मिळणारं मिश्रण. बोअरचं पाणी चालत नाही. आपल्याकडच्या पाण्यात काय काय विरघळलेलं असतं ते पातेल्याच्या बुडाला बसलेल्या पांढऱ्या थरावरून कळतं. म्हणून आरओ लावायचा. त्यानंतर पाणी फिरवत ठेवून वाट बघायची. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी चालून जातं. या जिवाणूंची वस्ती दगडांवर वसायला महिना-दीड महिना जातो. समुद्रफूल आणायचं तर जाणकार सांगतात, सहा महिने थांबा. टाकी मुरू द्या. लोणच्यासारखी.

प्रवाळाचे खरे दगड मी घेतले नाहीत. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाएवढंच संरक्षण. मी सिरॅमिकचे दगड घेतले. हे मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचो. थोडक्यात, मी गुन्हेगार नव्हतो. पण आईचा प्रश्न कायद्याचा नव्हताच.

*

२०१६ साली मी बारावीत होतो. आमचं घर गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ आणि विहिरींजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने १४४ कलम लावलं. पाचपेक्षा जास्त माणसांनी पाण्याजवळ जमायचं नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ११ एप्रिलला निघालेली पहिली गाडी १२ तारखेला पहाटे पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, खेपेला पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत ती येत राहिली. देशभरच्या चॅनेलांनी ती दाखवली. आम्हाला मात्र ती गाडी दिसली नाही, टँकर दिसला. आमच्या गल्लीत आठवड्याला घरटी दोनशे लिटरचं एक पिंप मिळायचं. घरात आम्ही पाच माणसं.

आईने तेव्हा पाण्याच्या तीन जाती केल्या होत्या. पहिलं पाणी प्यायचं आणि स्वयंपाकाचं. दुसरं धुण्याचं, त्यात तांदूळ, भाजी, मग भांडी. तिसरं ते उरलेलं, संडासात टाकायचं. पहिल्या जातीचं पाणी तिसऱ्या कामाला वापरलं की ती काही बोलायची नाही, फक्त तांब्या हातातून काढून घ्यायची. अजूनही नळ सोडून कोणी दात घासायला लागलं की मला तो तांब्या आठवतो.

आणि मी, त्याच बाईचा मुलगा, पहिल्या जातीचं पाणी घेऊन त्यात मीठ कालवतो.

आई गेल्यावर मी हिशोब मांडला. दर आठवड्याला टाकीतलं दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे पंधरा लिटर. मे महिन्यात दिवसाला तीन लिटर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून तेवढं गोडं पाणी रोज वरून घालायचं. आठवड्याचे एकवीस लिटर. एकूण छत्तीस. माझा आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना तीन लिटर बाहेर टाकतो, म्हणजे आणखी एकशे आठ. बेरीज एकशे चव्वेचाळीस. २०१६ साली पाच माणसांच्या घराला मिळायचे दोनशे.

ही बेरीज मी कागदावर लिहून टाकीच्या काचेला चिकटवली. अजून ती तिथंच आहे.

*

आता स्वतःचा बचाव करणं सोपं आहे, आणि मी तो मित्रांसमोर अनेकदा केला आहे. आज काही २०१६ नाही. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. आरओने टाकलेलं पाणी मी बादल्यांत धरतो. फरशी, संडास, मालकीणबाईंच्या कुंड्या सगळं त्यावर भागतं. म्हणजे खरा खर्च छत्तीस लिटरच. बाइक धुणारा माणूस एका रविवारी यापेक्षा जास्त पाणी सांडतो. आणि मराठवाड्याच्या पाण्याचा हिशोब करायचा तर आधी उसाचं बोला, मग माझ्या टाकीचं.

हा शेवटचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे. त्याच एप्रिलमध्ये आयपीएलच्या मैदानांवर पाणी मारायचं की नाही यावरून मुंबई उच्च न्यायालयात खटला झाला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले. तेव्हा आमच्या वर्गात यावर कडाक्याचा वाद झाला होता. अर्धे म्हणत, मैदानाच्या पाण्याने लातूरची तहान भागणार आहे का? हा सगळा देखावा आहे. उरलेले म्हणत, भागो न भागो, लोक घागरी घेऊन उभे असताना गवतावर पाणी मारणं दिसायला वाईट आहे. तेव्हा मी पहिल्या बाजूला होतो. आकडे माझ्या बाजूने होते.

आज मला वाटतं, दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या. पाणी किती लागतं हा एक प्रश्न. दुसऱ्याच्या तहानेसमोर आपण कसं वागतो हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लिटरमध्ये देता येतं, दुसऱ्याचं नाही. उसाच्या फडातलं पाणी जमिनीत जातं, साखरेच्या पोत्यात जातं. ते कोणाला दिसत नाही, म्हणून त्याचा राग लवकर येत नाही. मैदान दिसतं. माझी टाकी दिसते, तिला तर वर दिवासुद्धा लावलाय. दिसणाऱ्या पाण्यावरच रागावणं अन्यायाचं आहे, हे मान्य. पण दुसऱ्याने जास्त घेतलं म्हणून माझं घेणं आपोआप योग्य ठरत नाही. वाळू उपसणाऱ्यांच्या गावात मूठभर वाळू उचलणाऱ्याचा बचाव असतो तसा हा बचाव आहे. हिशोबाने माझा दोष लहान होतो, नाहीसा होत नाही.

मग उरतो तो साधा प्रश्न. छत्तीस लिटर कशासाठी? बाइक धुणारा निदान बाइक वापरतो. माझ्याकडे याचं उत्तर काय?

*

बराच काळ माझं उत्तर तयार होतं: मी नुसती टाकी ठेवत नाही, मी समुद्रफुलं वाढवतो. बाजारात मिळणारी बरीचशी समुद्रफुलं थेट समुद्रातून खरवडून काढलेली असतात. काढताना तळवा फाटतो आणि कितीतरी वाटेतच मरतात. मी घरी वाढवून दिली तर तेवढी समुद्रात राहतील. म्हणजे माझे छत्तीस लिटर समुद्राच्या कामी आले.

या उत्तरात एक गोष्ट मी लपवायचो. माझं पहिलं समुद्रफूल.

ते मी मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात, रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मांडीवर ठेवून आणलं होतं. टाकी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची. सहा महिने थांबा हे मी वाचलं होतं. ते सगळेच वाचतात. आल्यावर तीन आठवडे ते बरं राहिलं. मग एका शनिवारी मी लातूरला गेलो आणि इकडे वादळात रात्रभर वीज गेली. पंप बंद, दिवा बंद. अस्वस्थ झालेलं समुद्रफूल जागा सोडून काच चढत निघालं असणार. वीज आली तेव्हा ते लाटा करणाऱ्या पंपाच्या तोंडाशी होतं. त्या तोंडाला स्पंजची जाळी लावायची असते. ती मी आणून ड्रॉवरमध्ये ठेवली होती.

सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा खोलीत सडका वास होता आणि टाकीत पाणी नव्हतं, दूध होतं. तुकडे झालेलं समुद्रफूल कुजून सगळी टाकी नासवतं. दोन्ही मासे तळाला पडलेले. मी ते दीडशे लिटर पाणी बादली-बादलीने संडासात ओतलं. मीठ होतं म्हणून ते कुंड्यांनाही घालता येईना. आईच्या तीन जातींपैकी एकीतही न बसणारं पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ते समुद्रफूल समुद्रातलंच होतं, हे मला विकत घेतानाच माहीत होतं. मी समुद्र वाचवतो या वाक्याची सुरुवात समुद्रातून एक जीव काढून त्याला मारण्यापासून झाली.

ही माझ्या एकट्याची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस नावाचा निसर्ग अभ्यासक होता. १८५४ मध्ये त्याने घरच्या मत्स्यालयावर पुस्तक लिहिलं, १८६० मध्ये ब्रिटनच्या समुद्रफुलांवर. माणूस भाविक होता, जिवांवर त्याचं खरं प्रेम होतं. लोकांनीही हे सौंदर्य बघावं एवढीच त्याची इच्छा. लोकांनी ते बघितलं आणि बरण्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर गेले. पुढे त्याच्या मुलाने १९०७ मध्ये आपल्या आठवणींत लिहिलं, की लहानपणी पाहिलेली ती खडकातली भरलेली डबकी लोकांनी ओरबाडून संपवली आणि वडिलांना याचं फार दुःख झालं. प्रेमाने दाखवलेली वस्तू प्रेमानेच लुटली गेली.

म्हणून आता मी असं म्हणतो: घरी वाढवलेलं समुद्रफूल समुद्रातलं एक वाचवू शकतं, पण ते नवीन दहा जणांना हौसही लावू शकतं. टाकीत फुगलेलं समुद्रफूल बघून माझ्या दोन मित्रांनी टाक्या घेतल्या. त्यांना माझ्याकडून मिळेपर्यंत धीर निघाला नाही. त्यांनी बाजारातून आणली. ती बाजारात कुठून आली ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

*

दुसरं समुद्रफूल मी दीड वर्षाने आणलं, या वेळी एका छंदिष्टाच्या टाकीत वाढलेलं. जाळी लावली, जुना चिलर घेतला, इन्व्हर्टर घेतला. वर्षभराने ते आपलं आपण दुभागलं. रात्री एक होतं, सकाळी एका दगडाच्या दोन बाजूंना दोन, दोघांच्या अंगाला एक-एक फाटलेली कड. ही जात अशीच वाढते. मधून ताणत जाते आणि दोन होते. मी त्यांना काहीच केलं नव्हतं. मला फुकटचा आनंद झाला.

पण वाढवायचं ठरवलं की वाट बघणं पुरत नाही. धारदार पातं घ्यायचं, समुद्रफूल सपाट पृष्ठभागावर ठेवायचं आणि बरोबर तोंडाच्या मधून, तळव्यापर्यंत एका फटक्यात कापायचं. दोन्ही अर्ध्यांना तोंडाचा आणि तळव्याचा वाटा मिळाला पाहिजे. मग दोघांना हलत्या, स्वच्छ पाण्यात सोडायचं. निरोगी असेल तर कड आत वळते, जुळते आणि काही आठवड्यांत दोन गोल समुद्रफुलं तयार.

मी हे एकदाच केलं. पातं हातात घेऊन वीस मिनिटं बसलो होतो. हे त्याला दुखेल का?

सोपं उत्तर असं, की दुखायला मेंदू लागतो आणि त्याला तो नाही. नुसतं चेतातंतूंचं जाळं आहे. पण २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी एका लहान जातीच्या समुद्रफुलावर प्रयोग केला. उजेड पाडायचा आणि सोबत विजेचा हलका झटका द्यायचा. बऱ्याच वेळा असं केल्यावर नुसत्या उजेडानेही ते अंग आक्रसून घ्यायला लागलं. म्हणजे मेंदू नसताना त्याने दोन गोष्टींची सांगड घातली. यावरून त्याला वेदना होते असं सिद्ध होत नाही. पण 'त्याला काही कळत नाही' हे वाक्य मी पूर्वीइतक्या सहज म्हणू शकत नाही. ज्याच्याबद्दल खात्री नाही त्याच्याशी जपून वागावं, एवढं तरी त्यातून निघतं. ते आपलं आपण दुभागतं, म्हणून मी कापलं तरी चालतं, हा युक्तिवादही मला आता पटत नाही. झाडाचं फळ पिकून पडणं आणि ते ओरबाडणं यांत फरक आहेच.

मी कापलं. दोन्ही जगली. सुटीत लातूरला गेल्यावर आईला फोटो दाखवला. तिने विचारलं, "यातलं पहिलं कोणतं?"

मी एकाकडे बोट दाखवलं, मग दुसऱ्याकडे, मग थांबलो. शेजारी मामा बसला होता. बाबासाहेबांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेल्या, पुढे मिलिंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयात तो शिकलेला. तो हसला आणि म्हणाला, "कॉलेजचं नाव ज्याच्यावरनं पडलं, त्या राजानंच इचारला होता हा प्रश्न." मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा तो संवाद. नागसेन राजाला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाकं, आस, जू? रात्रभर जळणारा दिवा पहिल्या प्रहरी होता तोच शेवटच्या प्रहरी असतो का? तोच नाही आणि वेगळाही नाही. एका ज्योतीतून पुढची ज्योत होत जाते, एवढंच.

माझ्या टाकीत दोन ज्योती होत्या आणि पहिली कोणती हा प्रश्न चुकीचा होता. पण मामाच्या बोलण्याने एक वेगळीच गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. ज्योत आपली आपण पुढे जात राहते. ती विझते ती तेल संपल्यावर. तेल घालायचं काम कुणाचं?

*

समुद्रफुलांना आपल्यासारखं म्हातारपण येताना फारसं आढळलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक लालसर समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. ती जात वेगळी, पोटातून पिल्लं देणारी. तिने शेकडो पिल्लं दिली. लोक तिला 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणायला लागले. १८५१ मध्ये डॅलियेल वारले. आजी जिवंत. ती एडिनबरोतल्या दुसऱ्या अभ्यासकाकडे गेली, मग तिसऱ्याकडे. सांभाळणारे बदलत गेले. १८८७ मध्ये आजी गेली तेव्हा वर्तमानपत्रात तिचा मृत्युलेख आला. एकोणसाठ वर्षं एका बरणीत, आणि एवढ्या वर्षांत कुणीतरी सतत तिचं पाणी बदलत होतं.

हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटायच्या ऐवजी भीती वाटली. कुत्रा पाळला तर तो बारा-चौदा वर्षांनी जाणार हे धरलेलं असतं. त्याचं मरण वयाच्या खात्यावर जातं. समुद्रफुलाचं असं खातंच नाही. माझ्या टाकीतलं समुद्रफूल मेलं तर ते बहुधा वयाने मरणार नाही. वीज गेली, पाणी तापलं, मी कंटाळलो, माझी बदली झाली, लग्न झालं, खोली बदलली यापैकी कशाने तरी मरेल. म्हणजे त्याचा शेवट जेव्हा होईल तेव्हा तो जवळजवळ नक्की माझ्यामुळे होईल. आणि कापून दोन केली की असे दोन शेवट मी माझ्या नावावर करून घेतले.

आमचे आजोबा, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, उदगीरकडचे. त्यांच्याकडे देवणी बैलांची जोडी होती. २०१५ च्या शेवटी विहिरीचा तळ दिसला तेव्हा त्यांनी ती विकायला काढली. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार आमच्या भागात प्रसिद्ध आहे. तिथं नेली, भाव ठरला, आणि अण्णांनी इसार घ्यायच्या आधी घेणाऱ्याला सांगितलं, "तुझ्या गावाला येतो, तुझी हीर बघतो." बाजारात लोक हसले. अण्णा गेले, विहिरीत दगड टाकून पाण्याचा आवाज ऐकला आणि परत आले. पहिल्याला नाही दिली जोडी. दुसऱ्याला दिली, दोन हजारांनी कमी. घरी आल्यावर आजी भांडली तेव्हा म्हणाले, "दावणीला बांधलं की त्याचं पाणी आपल्यावर. इकलं म्हणून सुटत नाही."

तेव्हा मला हे अडाणीपणाचं वाटलं होतं. विकलं की सुटतं, म्हणून तर विकतात. आता वाटतं, अण्णांनी एक फार अवघड गोष्ट सोप्या भाषेत सांगितली होती. मालकी देता येते. जबाबदारी देताना मात्र घेणाऱ्याची विहीर बघावी लागते. रानातल्या हरणाच्या पाण्याचा जाब अण्णांना कुणी विचारला नसता. पण ज्याच्या गळ्यात दावं घातलं त्याची स्वतः पाणी शोधायची वाट आपण बंद केली. ती बंद केली की ते पाणी आपल्यावर आलं. खडकावरच्या समुद्रफुलाला समुद्र स्वतः पाणी बदलून देतो, दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. मी त्याला उचललं तेव्हा भरती-ओहोटीचं काम माझ्याकडे आलं.

इथं आईच्या प्रश्नाचं उत्तर निदान अर्धं सापडतं. चांगल्या पाण्यात मीठ घालणं चूक की बरोबर हे आता मला विचारू नका. टाकी रिकामी होती तेव्हा तो प्रश्न खरा होता आणि तेव्हा मी तो विचारला नाही. आता तिथं एक तहान आहे, जी मी निर्माण केली. ती माणसाच्या तहानेएवढी मोठी नाही, पण खोटीही नाही. चूक असेल तर ती टाकी भरण्यात होती. आता पाणी न घालणं ही तिची दुरुस्ती नव्हे, ती दुसरी चूक होईल.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त कठीण आहे. पुन्हा २०१६ आलं तर? पुन्हा घरटी एक पिंप मिळायला लागलं तर मी काय करेन? मी ठरवून ठेवलंय. आधी माणसं, यात शंका नाही. पण त्या दिवसापर्यंत थांबायचं नाही, कारण तोवर उशीर झालेला असतो. अण्णांनी जोडी विहीर आटल्यावर नाही, तळ दिसल्यावर विकली. दर फेब्रुवारीत मी विष्णुपुरीतला पाणीसाठा बघतो. तो फार खाली असेल तर समुद्रफुलं पाणी असलेल्या ठिकाणी कुणाच्या तरी टाकीत जातील आणि ही काच कोरडी होईल. अशी दोन घरं मी आधीच बघून ठेवली आहेत. ही सोय होत नाही तोवर मी पुन्हा पातं हातात घेणार नाही, असंही ठरवलंय. दावणीला किती बांधायची ते गोठ्याच्या लांबीवर नाही, विहिरीच्या पाण्यावर ठरतं.

*

कापलेल्या दोनांपैकी एक मी गेल्या हिवाळ्यात लातूरच्या एका मुलाला दिलं. कॉलेजात शिकतो, दोन वर्षांपासून टाकी सांभाळतो. पैसे द्यायला तयार होता. मी म्हणालो, आधी तुझ्या घरी येतो.

गेलो. टाकी बघितली, पंपाची जाळी बघितली, इन्व्हर्टर किती वेळ चालतो ते विचारलं. आरओचं टाकाऊ पाणी कुठं जातं ते विचारलं. मग विचारलं, तू गावाला गेलास तर कोण बघतं? त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. त्याची आई दारात उभी होती, ओल्या हातांनी.

"मीच बघते की," ती म्हणाली. "वरून पाणी घालायचं, मिठाचं न्हाई, साधं. रोज खुणेपस्तोर." मग थोडं थांबून तिने मला विचारलं, "पण हे चांगलं पाणी घालून काय मिळतंय ओ यांना?"

मी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. पण ती खुणेपर्यंत पाणी घालते हे ऐकलं होतं. मी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, पाणी सारखं तापायला अर्धा तास लागतो म्हणून आम्ही तिघं तिथंच बसलो, आणि तिने चहा ठेवला.